राणीचे दोरे

“मग चुकलं काय, तेवढं तरी सांगा?” शलाकाने विचारलं.

धाकूआबा मांडीवर घेतलेला लाकडाचा एक इवलासा हात तासत राहिले.

कुडाळजवळच्या त्यांच्या वाडीत कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. आबा पंच्याहत्तरीच्या पुढचे. शलाका तेंडोलकर चौतीसची. सकाळी ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची आणि दुपारी घरी बसून वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांसाठी लेख लिहायची. पडदे कसे निवडावेत, उन्हाळ्यात काय खावं, मुलांच्या अभ्यासाची खोली कशी असावी. सहा वर्षांत तीनशेच्या वर लेख छापून आले होते, आणि हा आकडा ती बोलता बोलता सांगायचीच. आबांनाही सांगून झाला होता.

मग बालमहोत्सवाच्या संयोजकांचा फोन आला. आबांच्या बाहुल्यांसाठी अर्ध्या तासाचं नवं नाटक लिहून द्याल का, असं ते विचारत होते. नाटक तिने आयुष्यात लिहिलं नव्हतं. तरी ती हो म्हणून बसली, आणि फोन ठेवल्यावर उगाच घरभर फिरत राहिली.

गोष्ट तिची तिनेच रचली. तळं बुजवून तिथे महाल बांधायला निघालेला राजा आणि त्याला अडवणारी राणी. अठरा पानं झाली. तीच तिने आत्ता आबांना वाचून दाखवली होती.

आबांनी लाकूड खाली ठेवलं. खुंटीवरची राणी काढली आणि शलाकासमोर धरली.

“आता हिका वाचून दाखव.”

शलाकाला हसू आलं. तरी तिने वाचलं. राणीच्या डोळ्यांत पाणी तरळतं. तिचे ओठ थरथरतात. ती मनातल्या मनात हळहळते...

राणी लटकत राहिली. रंगवलेले डोळे, रंगवलेले ओठ.

“पाणी खंयसून येतला गो?” आबांनी विचारलं.

मग ते निवेदनात घालू, तुम्ही गाऊन सांगा, असं शलाकाने सुचवलं. आबांनी राणीचे दोरे तिच्या हातात दिले.

“रडव तिका.”

दोरे हे तुमचं काम, माझं काम लिहिण्याचं, असं ती म्हणाली. आबा वाट बघत बसले. शेवटी तिने राणीला उचलून पाहिलं. राणी गुडघ्यांवर आपटली, मान मागे गेली, दोन दोरे एकमेकांत अडकले. आबांची सून सुमित्रा खेळात टाळ वाजवायची. ती तोंडाला पदर लावून आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी शलाका वाडीवर गेली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

संयोजकांना नकार कळवायचं तिने ठरवून टाकलं होतं. त्याआधी पडद्यांवरचा एक लेख द्यायचा होता, म्हणून ती लिहायला बसली. पाऊण तासात झाला. कुठे अडलं नाही, काही खोडावं लागलं नाही. पाठवून दिल्यावर तिला काय वाटलं कोण जाणे, तिने मागच्या वर्षीचा पडद्यांवरचा लेख काढून पाहिला.

जवळजवळ तोच होता.

ती उठली आणि स्कूटर काढून थेट वाडीवर गेली.

आबांनी राणी तिच्या हाती दिली.

त्यानंतर रोज दुपारी दोन तास. शिकवणं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आबा राजाला चालवायचे, शेजारी उभी राहून ती राणीला चालवायची. बोटं दुखून यायची. दुकानात गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवतानासुद्धा तिची करंगळी आपोआप वर जायची.

नवव्या दिवशी एक दोरा तिच्या बोटातून जरा सैल सुटला. राणीची मान खाली गेली. हात वर येता येता अर्ध्यावर थांबला...

सुमित्राचा टाळही थांबला.

“ती रडता हा,” सुमित्रा म्हणाली.

शलाका तिथेच पडवीत बसली आणि खोडायला लागली. ओठ गेले, मन गेलं, राणीचं दीड पानाचं भाषण गेलं. अठराची चार पानं झाली. उठते. वळते. थांबते. हात आडवा धरते. लिहिताना एवढी घाई तिला कधी झाली नव्हती. पेन्सिलीचं टोक मोडलं, ते तिने दातांनीच काढलं.

शाळेच्या सभागृहात सकाळी अकराला खेळ होता. दोनशे मुलं. शलाका पुढच्या रांगेत बसायला निघाली, तेव्हा आबांनी तिला पडद्यामागे बोलावून घेतलं.

“आज राणी तुजी.”

ती नको म्हणाली. मला जमणार नाही, मुलांचा विरस होईल, असंही म्हणाली. आबांनी राजा उचलला. सुमित्राने टाळ धरला. पडदा सरकला...

सुरुवात बरी झाली. मग राजा तळं बुजवायला निघाला. आता राणीने हात आडवा धरायचा होता. शलाकाने दोरा ओढला. हात वर येईना. पुन्हा ओढला. दोरा कुठेतरी अडकला होता. राजा पुढे येत होता. आता काय करायचं, ते चार पानांत नव्हतं.

शलाकाने राणीला राजाच्या वाटेत मटकन खाली बसवलं.

राजा थांबला. त्याने वाकून राणीला निरखलं, मग हळूच डावीकडे सरकला. राणी बसल्या बसल्या डावीकडे सरकली. तो उजवीकडे गेला. तीही गेली. मुलं हसायला लागली. राजाने तिच्यावरून उडी मारायचा आव आणला, तशी राणी ताडकन उभी राहिली. आता मुलं जागेवरून उठून राणीला सांगत होती, तो इकडून येतोय, तो तिकडून येतोय. आबा राजाच्या आवाजात भलतंच काही बोलत होते आणि शलाका राणीच्या आवाजात त्यांना उत्तरं देत होती. त्यातलं एकही वाक्य लिहिलेलं नव्हतं. तिला दरदरून घाम फुटला होता आणि ती हसत होती. आपण हसतोय, हे तिला फार उशिरा कळलं.

शेवटी राजा हात जोडून मागे फिरला. टाळ्या थांबेपर्यंत बराच वेळ गेला.

संयोजक आत येऊन कौतुक करून गेले. पुढच्या वर्षाचंही काही बोलले. शलाकाला त्यातलं अर्धंच ऐकू आलं. ती बाहुल्यांच्या पेटाऱ्याशेजारी जमिनीवर बसली होती. तिने दोन्ही हात आबांपुढे धरले. ते लटलट कापत होते.

“आबा, हे थांबतच नाही. कधी थांबणार?”

आबा राजाचे दोरे गुंडाळत होते. ते गुंडाळून झाले. राजाला त्यांनी पेटाऱ्यात नीट निजवलं. मग तिच्या हातांकडे पाहिलं...

“थांबतीत त्या दिवशी माका सांग. तुका दुसरा काम बघूया.”