कलशातलं पान

शहराला लागून असलेली देवराई तोडून तिथं परदेशी पामची बाग करायचं नगराध्यक्ष बापूसाहेब नलग्यांनी ठरवलं. "या रानटी झाडांचा उपयोग काय?" असं ते चारचौघांत विचारत.

भूमिपूजनाच्या दिवशी भटजींनी कलशासाठी वड, पिंपळ, उंबर अशा पाच झाडांची पानं मागितली. राईतल्या देवाची पूजा करणाऱ्या हौसाबाई गुरव तिथंच उभ्या होत्या. बापूसाहेबांनी फर्मावलं, "हौसाबाई, राईतून तोडून आणा."

हौसाबाईंनी मांडवातल्या कुंडीतलं पामचं पान कापलं आणि कलशात खोचलं.

"हे पूजेला चालत नाही," भटजी म्हणाले.

"मग सायबास्नी सांगा की. ज्या झाडांच्या पानाबिगर त्यांची पैली कुदळ पडत न्हाई, त्याच झाडांचा उपयोग ते इचारत्यात."

मांडवात हशा पिकला. कुदळ तशीच परत गेली आणि नारळ राईतल्या देवापुढे फुटला.