बादशहाच्या मुकुटाला भोक

फार जुनी गोष्ट, तुमच्याआमच्या खापरपणज्यांनाही दात आले नव्हते तेव्हाची. रोमचं एक काशाचं नाणं गलबतातून, मग बैलाच्या पाठीवरून हिंडत तेर गावच्या नागू कासाराच्या दुकानात येऊन पडलं. त्याच्यावर बादशहाचं तोंड होतं. डोक्यावर पानांचा मुकुट आणि नाक असं ताठ, की माशीनेही विचारून बसावं.

नागूची लेक चंपी म्हणाली, "बाबा, हा नाकाड्या मला द्या. गळ्यात घालीन."

"घाल की. जेवून आलो की वरच्या अंगाला भोक पाडून देतो."

नाणं हादरलं. वरच्या अंगाला म्हणजे थेट मुकुटात!

दोघं जेवायला गेल्यावर ते ऐरणीवर ओरडलं, "माझ्या मुकुटाला भोक? मी अर्ध्या जगाचा धनी आहे!"

"असशील बाबा," ऐरण म्हणाली, "पण इथं तुला ओळखतं कोण? गुमान भोक पाडून घे. पोरगी जन्मभर छातीशी धरील."

"त्यापरीस मी लपतो!" म्हणत ते घरंगळत कोपऱ्यातल्या मोडीच्या टोपलीत शिरलं आणि फुटक्या भांड्यांखाली दडून बसलं.

चंपीने सगळं दुकान धुंडाळलं, शेवटी रडली. "उंदराने नेलं असेल गं," म्हणत नागूने मोडीची टोपली मुशीत ओतली आणि भाता मारायला बसला.

त्या मोडीची घंटा झाली. एका धनगराने ती आपल्या बोकडाच्या गळ्यात बांधली. तेव्हापासून बादशहाचा हुकूम सुटतो, पण बोकडाला मान खाजवावीशी वाटली तरच.