खिंडीतले कोहळे

या गोष्टीतला शब्दन् शब्द खरा आहे; फक्त खिंड कुठली आणि राज्य कुणाचं, एवढंच सांगणाऱ्याला आठवत नाही.

हैबतराजांवर रुसून राणीसाहेब माहेरी गेल्या. राजांनी माफीचं पत्र धाडलं. ते नऊ दिवस खिंडीतच! वाट एवढी अरुंद, की एका वेळी एकच बैल जाईल. राजे चौकीदारावर कडाडले, "भिवबा, परवा दिवस मावळायच्या आत राणीसाहेबांचं उत्तर हवं! नाहीतर चौकी सोड, घरही सोड! आणि खबरदार, एक दगड फोडायचा नाही, कुणाला परत पाठवायचं नाही!"

भिवबा डोकं धरून बसला. त्याची लेक येसू गावच्या पाटावर पाण्याच्या पाळ्या लावायची. ती खिंड बघून आली ती हसतच.

"बाबा, तिथं सगळेच राजे आहेत की!"

खरंच! सरकारी मालाला पिवळी पताका आणि पताकेला वाट आधी, असा हुकूम होता. मग काय! मिठाच्या गोणीला पताका, मडक्यांना पताका, एका म्हशीच्या शिंगालाही! सगळ्यांत पुढे राजांच्या मुदपाकखान्याचे कोहळे, तीनशे बैलांवर, एका दोरात. ते शिरले की दिवस संपला. पलीकडूनही पताकावालेच यायचे. मग मधोमध शिंगाला शिंग, आणि मागे सरायला कुणी तयार नाही!

येसूनं पताका उतरवल्या. पताका गेल्या तसा मानही गेला; अलीकडचे चार पावलं मागे सरले आणि अडकलेली वाट मोकळी झाली. पाटावर पाळी मोजायचं, बुडाला भोक असलेलं वाडगं आणून पाण्यावर सोडलं. ते भरून बुडेपर्यंत अलीकडचे जाणार. बुडालं की शिंग फुंकायचं, वाडगं पुन्हा सोडायचं, मग पलीकडचे येणार. कोहळ्यांचा दोर तिनं तोडला. दर पाळीला आधी पत्रं नेणारा जासूद, मग दहाच बैल!

तिसऱ्या दिवशी चाळीस स्वार घेऊन राजे हजर.

"बाजूला हो, पोरी!"

"वाडगं बुडालं नाही, महाराज. पलीकडची पाळी चाललीय."

"आम्ही राजे आहोत!"

"कोहळेसुद्धा हेच म्हणत होते!"



"आमची पताका कुठाय?"

"साडेतीनशे निघाल्या! सगळेच पहिले, तर दुसरा कोण? तुमचं पत्र तुमच्याच कोहळ्यांमागं नऊ दिवस उभं होतं, महाराज!"

राजांनी सोबतच्या कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभाऱ्यांनी आभाळाकडे. मग राजे असे खदखदून हसले, की घोडा बिचकला! भिवबाची चौकी कायम झाली. येसूच्या हातात सोन्याचं कडं आलं, आणि सगळी खिंडही तिच्याच हुकमात.

"आता तरी आधी सोड की गं! उत्तराची वाट बघवत नाही, आम्हीच निघालो सासुरवाडीला."

"जा की, महाराज! पण समोरून राणीसाहेबांची पालखी खिंडीत शिरलीय. मागं कुणी सरायचं, ते तेवढं तुम्हीच ठरवा!"