ओली शाई

एक होते उस्ताद बदीउद्दीन, सुंदर अक्षर लिहिणारे कातिब. एक होता त्यांचा शागीर्द, इर्शाद. आणि एक होती इर्शादची आई हलीमाबी. तिच्या डोळ्यांत फूल पडलेलं, तरी शेजारणीकडून सुईत दोरा ओवून घेऊन ती गोधड्या शिवायची, आणि लेकाला इजाजत कधी मिळते याची वाट बघायची.

कातिबांची रीतच तशी. उस्तादानं इजाजत दिल्याशिवाय लिहिल्याखाली आपलं नाव घालायचं नाही. आणि बिननावाच्या माणसाला काम कोण देणार, बाई?

"माझ्यात कमी काय आहे, उस्ताद?"

"जीभ दाखव."

इर्शादनं जीभ काढली. गुलाबी, तान्ह्या पोरासारखी.

उस्तादांची जांभूळ खाल्ल्यागत काळी होती. अंड्याच्या पांढऱ्यानं घोटलेल्या कागदावर अक्षर चुकलं, की ओलं आहे तोवर ते जिभेनं चाटून घ्यायचं, ही त्यांच्यातली जुनी चाल.

"मी चुकतच नाही, तर चाटू काय? आणि अम्मीला आता दिवसाही नीट दिसत नाही. तुम्ही मात्र..."

उस्तादांनी काठी उचलली.

"चल."

गावाबाहेर नवाबाची कोठी होती. सरकारनं तिचं संग्रहालय केलेलं. भर दुपार, आत चिटपाखरू नाही. दारावरचा शिपाई स्टुलावर पेंगत होता. चांदीच्या वेलबुट्टीचे काळे हुक्के, निळ्या फरशा, कडेनं अक्षरं कोरलेली पितळी वाडगी... सगळं काचेआड, गप्प.

शेवटच्या खोलीत एका तसबिरीवर पडदा होता. उजेड शाई खातो म्हणून. उस्तादांनी तो सारला.

काचेवर धुळीचा पातळ थर. आत एकच ओळ, खाली नाव नाही.

इर्शाद बघत राहिला. मग हसला.

"लिहिलंय छान. पण शेवटचा फटकारा बघा. लिहिणाऱ्या म्हाताऱ्याचा हात थरथरलाय! मी असतो तर..."

"तर काय केलं असतंस?"

"तुमच्यासारखं चाटून टाकलं असतं."

उस्तादांची नजर त्याच्यावरच होती.

इर्शादनं आवंढा गिळला. पुन्हा गिळला. तोंडात कडू आलं... शाईतली काजळी आणि डिंक. त्यानं ओठ पुसला, तर हाताला काळं लागलं.

त्यानं वर पाहिलं. तो फटकारा गेला होता. तिथं कागद ओला होता, चकाकत होता. काचेवरची धूळ जशीच्या तशी.

"उस्ताद... मी हातसुद्धा लावला नाही."

"पाहिलं मी."

"मग हे..."

"हे लिहिणारा शाई सुकायच्या आत वारला, म्हणतात. तेव्हापासून ओलीच आहे."

काचेआत कुठंतरी बोरू दौतीच्या काठावर निथळल्यासारखा आवाज झाला. टक... टक... शिपाई तर बाहेर घोरत होता.

 इर्शाद खालीच बसला.

"ओळ अर्धी राहिली हो त्याची! माझ्यामुळं. मला नाही नाव घालायचं, उस्ताद. मला पुन्हा पहिल्या अक्षरापासून बसवा. अम्मीला मी सांगेन काहीतरी."

उस्तादांनी पडदा ओढला. आवाज थांबला.

"कडू लागली?"

"फार."

"चूक कुणाची होती?"

इर्शादनं पडद्याकडे पाहिलं. 

"माझी."

"थुंकलास?"

"नाही. गिळली."

उस्ताद बाहेर पडले. पायऱ्यांवर ऊन रणरणत होतं. कोपऱ्यात शिपायाचा माठ होता. इर्शाद चूळ भरायला वाकला, तर उस्तादांनी काठी आडवी घातली.

"ईदगाहच्या कमानीवर लिहायला माणूस मागतायत. उद्या जा. खाली नाव तुझं घाल."

 इर्शादनं पुन्हा माठाकडे हात केला.

"तोंड धुऊ नकोस, बेटा. आधी आईला जीभ दाखव. एवढं काळं तिला दिसेल."