वोरस शब्दाची साक्ष

“तीन पंडितांनी तीन अर्थ सांगितले, आणि पुराणिकबुवांपाशी एकही नाही! मग तीस वर्षे या व्यासपीठावर बसून केलेत तरी काय?”

केतकगडचा राजा मल्लदेव सिद्धेश्वराच्या मंडपात कडाडला. भिंतीचा जुना चुना खरवडताना आतून एक कोरीव ओवी निघाली होती :

नाहीं हाक ना मागणें । तरी वोरस दाटे मनें ।
तैसें देवाचें पाहणें । भक्तांकडे ॥

सारे घोडे अडले होते ‘वोरस’ या एका शब्दाशी. राजपंडित विद्याधरशास्त्री छातीठोकपणे म्हणाले, “मूळचा शब्द ‘वीररस’! कोरणाऱ्याची चूक, दुसरे काय? देव महाराजांसारखा शौर्याने पाहतो!” दुसऱ्या पंडिताच्या मते तो उसाचा रस होता. तिसऱ्याने तर एक वनस्पतीच उभी केली; पोटदुखीवर गुणकारी!

वृद्ध नागेशभट पुराणिकांनी मात्र हात जोडले. “महाराज, हा शब्द माझ्या ऐकण्यात नाही. आणि देवाच्या दारात बनावट अर्थ सांगायला जीभ वळत नाही.”

“चार दिवसांची मुदत!” राजा म्हणाला. “अर्थ सिद्ध झाला नाही, तर पोथीची सेवा शास्त्रीबुवांकडे!”

म्हाताऱ्याचे डोळे डबडबले. ज्या सेवेत उभा जन्म गेला, ती एका शब्दापायी सुटणार होती.

त्याच वेळी अभिषेकाच्या दुधाची घागर उतरवीत एक मुलगी म्हणाली, “महाराज, अर्थ मी आणून देते.”

ती धोंड्या गवळ्याची लेक येसू. शास्त्रीबुवांना हसू आवरेना. “तू? अगं, तुला अक्षर तरी येतं का?”

“नाही येत, शास्त्रीबुवा. म्हणून तर कोरणाऱ्याच्या चुका काढत बसले नाही!”

राजा हट्टाला पेटला. “ठीक आहे! पण तुझ्या तोंडचा अर्थ मी मानणार नाही. पुराणिकबुवांच्या मायेपोटी तू काहीही सांगशील. साक्षीदार मी निवडीन. त्यांना हा शब्द ऐकवायचा नाही, एकही प्रश्न विचारायचा नाही. तरीही शब्द आणि अर्थ, दोन्ही त्यांच्याच तोंडून आले पाहिजेत!”

“पोरी, नको गं,” नागेशभट कळवळून म्हणाले. “न विचारता कोण कसं सांगणार?”

“सांगतील, भटजीबाबा.” येसू राजाकडे वळली. “कबूल, महाराज! एवढंच करा, साक्षीदार गुरंवासरं राखणारे निवडा. आणि चौथ्या दिवशी सकाळी आपला गोठा मला द्या.”

“शब्दाचं आणि गोठ्याचं काय नातं?”

“ते मी सांगितलं तर आपण मानणार नाही ना!”

चौथ्या दिवशी सकाळी राजा गोठ्यात येऊन बसला. शेजारी तिघे पंडित, कोपऱ्यात नागेशभट. राजाच्या स्वारांनी घाटापलीकडच्या वाडीतून तीन म्हाताऱ्या गवळणी आणल्या होत्या. येसूने त्या वाडीत कधी पाऊलही टाकले नव्हते. कशासाठी बोलावले, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. तिघी एकमेकींचे पदर धरून बसल्या.

येसूने राजाच्या कपिला गाईचे वासरू दूर बांधून ठेवले होते. तिने शास्त्रीबुवांपुढे चरवी धरली. “आधी आपण धार काढा.”

शास्त्रीबुवा सोवळे सावरीत बसले. त्यांनी गाईला हिरवा चारा घातला, स्तोत्र म्हटले, शेवटी दटावलेही. थेंब म्हणून निघाला नाही! उलट शेपटीचा एक फटका मात्र नेमका कानशिलावर बसला.

म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले.

मग येसूने वासराचे दावे सोडले. वासरू उड्या मारीत आले. कपिला हंबरली, त्याला चाटू लागली. आणि हात न लावता, वासराने तोंड घालण्याआधीच तिच्या सडांतून दुधाचे थेंब टपटप गळू लागले.

“अगं बया!” पहिली म्हातारी न राहवून ओरडली. “कशी वोरसली बघा गाय!”

पंडितांच्या माना गर्रकन वळल्या.

“वोरसल्यावर काय!” दुसरी म्हणाली. “आता चरवी पुरायची नाही!”

शास्त्रीबुवा उसळले. “हा तर गोठ्यातला शब्द! देवाच्या ओवीत त्याचं काय काम?”

तिसरी म्हातारी त्यांच्याकडे पाहतही नव्हती. तिची नजर गाईवर खिळली होती. डोळे टिपीत ती शेजारणीला म्हणाली, “माझी भागू सासरहून आली ना, की माझाही जीव अस्साच वोरसतो गं. पोरगी उंबऱ्यात असते, तोंडातून शब्द काढत नाही, आणि इकडे मला भरून येतं!”

नागेशभट लगबगीने पुढे आले. “महाराज, हीच ओवी! लेकरासाठी आईला आपसूक फुटणारा पान्हा, तो वोरस. देव भक्ताकडे तसा पाहतो. तीस वर्षे मी हेच सांगत आलो. फक्त हा शब्द मला भेटला नव्हता.”

राजाने येसूकडे रोखून पाहिले. “तुला हा अर्थ पहिल्याच दिवशी ठाऊक होता?”

“ठाऊक होता, महाराज. आमची आजी रोज बोलते.”

“मग साक्षीदारांना शब्द ऐकवून अर्थ काढायचा नाही, ही माझी अट ऐकून भ्याली कशी नाहीस?”

“शब्द दाखवून अर्थ विचारला, तर माणूस डोकं खाजवतो. म्हणून मी अर्थच समोर उभा केला, महाराज. शब्द आपल्या पायांनी चालत आला!”

राजा मल्लदेव असा खो खो हसला, की वासरू दचकून आईच्या पोटाखाली शिरले. “शास्त्रीबुवा,” तो म्हणाला, “उद्यापासून महिनाभर रोज सकाळी या गोठ्यात यायचं. शब्दांचे अर्थ सांगण्याआधी कान तयार करा!”

तिन्ही गवळणींना जरीकाठी लुगडी मिळाली, नागेशभटांना पोथीची सेवा हयातभर मिळाली, आणि कपिला वासरासह येसूच्या घरी चालती झाली.