वळचणीची फट

“मग भगवं कवा देणार, बुवा?”

केरबानं पुन्हा तेच विचारलं. सोमगीरबुवा मेथीच्या वाफ्यात उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“बायको गेली, पण टिपूस गाळलं न्हाई मी. समदा गाव रडत हुता. माझी माया सुटलीया, बुवा. आता घराकडं परतायचं न्हाई.”

श्रावणात त्याची हौसा गेली होती. कार्तिक लागला तसा तो घराला कुलूप घालून टेकडीवर बुवांच्या झोपडीत येऊन राहिला होता. भगवी वस्त्रं मागायला माणसं येत आणि थोड्या दिवसांत गुपचूप उतरून जात. आपण त्यांतले नव्हे, याबद्दल केरबाच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

“थंडी आली,” बुवा म्हणाले. “मांडव उतरव. झोपडीत वारा शिरतोय, तेवढं बघ. मग बोलू.”

केरबा कामाला वाघ. दुपारपर्यंत त्यानं दोडक्याचा मांडव भुईसपाट केला. काठ्या सोडवून भिंतीशी रचल्या, वेली ओढून ढीग घातला. लसणाचे आणि मेथीचे वाफे तेवढे राहिले. वेलीवर बियाण्यासाठी राखलेले वाळके दोडके होते, तेही त्यानं ढिगात भिरकावले.

बुवा उठले. एक दोडका उचलून त्यांनी कानाशी हलवला. आत बी खुळखुळलं.

केरबाचं तोंड एकदम उतरलं.

“ते नका वाजवू, बुवा.”

बुवांनी दोडका खाली ठेवला.

मग केरबानं शेणामातीचा गारा कालवला आणि कुडाच्या भिंती लिंपून काढल्या. बोट शिरेल एवढीही जागा सोडली नाही. वळचणीखाली एक चांगलं रुंद भोक होतं. एवढं मोठं भगदाड बुवांना कसं दिसलं नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं त्यात पेंढ्याचा बोळा कोंबला आणि वरून गारा थापला.

“आता वाऱ्याची काय बिशाद, आत यायची,” तो म्हणाला.

सांज झाली तसा गारठा पडला. बुवांनी दार लोटलं. आगटीत दोडक्याच्या अर्धओल्या वेली घातल्या आणि फुंकर मारली.

धूर उठला, छपराला जाऊन लागला, आणि तिथून खाली उतरू लागला.

बुवा मांडी घालून स्वस्थ बसले होते.

केरबाला खोकल्याची उबळ आली. डोळ्यांना धारा लागल्या.

“बुवा, दार उघडू?”

“थंडी येईल.”

“जीव घुसमटतोय.”

“फटी तूच बुजवल्यास ना? आता बस.”

…

शेवटी केरबा धडपडत उठला. वळचणीखाली चाचपून त्यानं ओला गारा खरवडला, बोळा उपसून फेकून दिला. गार वारा तोंडावर आला. धूर त्या भोकाकडे वळला आणि हळूहळू निघून गेला.

केरबाचे डोळे मात्र वाहतच होते. तो पुसत होता आणि ते पुन्हा भरत होते.

“लई धूर हुता,” तो म्हणाला.

“हं.”

आगटीत नुसते निखारे उरले होते.

“दारात दोडका तिनंच लावला हुता,” केरबा म्हणाला. “ती गेल्यावर मी एकबी तोडला न्हाई. समदं वेलीवरच वाळलं. वारं सुटलं की खुळखुळायचं. घरात बसवंना, बुवा. उठून आलो ते त्याच्यापायी.”

आणि तो हमसून हमसून रडला. श्रावणात रडायचं राहिलं होतं, ते सगळं रडला. बुवांनी पाठीवर हात ठेवला नाही, काही समजावलंही नाही. आगटीत एक काटकी सारली.

रडणं ओसरल्यावर केरबानं धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. भगव्याचं नाव काढायची आता त्याला लाज वाटत होती.

“मग मी काय करू?”

“उद्या घरी जा. मांडव उतरव.”

“आन् मग?”

बुवा वळचणीच्या भोकाकडे बघत होते…

“येताना तिच्या दोडक्याचं बी आण. पावसाळ्यात इथं लावू.”