पाटाच्या भिंतीतले दार

एकदा एका नदीखोऱ्यातील पाच गावांनी एकत्र यायचे ठरवले. बंधारा सामाईक, पाट सामाईक, आणि पाटाखालच्या शिवारात सर्वांनी मिळून ठरवलेले एकच पीक, म्हणजे पाण्याच्या पाळीवरून तंटा नको, असा करार होता. हे जुळवून आणण्याचे काम एका वृद्ध, ज्ञानी गुरुजींकडे होते. त्यांचा शिष्य त्यासाठी गावोगाव वणवण फिरला होता.

चार गावे तयार झाली. पाचवे अडून बसले, आणि नेमके तेच शिष्याचे गाव! तिथले पाटील, म्हणजे त्याचे सख्खे चुलते, म्हणाले, "बंधाऱ्याला माणसं देतो. पण ज्वारी सोडून तुम्ही म्हणाल ते पीक आत्ताच नाही लावणार. फसलो तर पोरांना काय घालू?"

शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "गुरुजी, एक तर सगळेच थांबू, नाहीतर यांना कायमचे वगळू," तो संतापून म्हणाला.

गुरुजींनी यातले काहीच ऐकले नाही. काम सुरू झाले. पाट पाचव्या गावाच्या शिवारापाशी पोहोचला, तेव्हा मात्र त्यांनी गवंड्याला भिंतीत पाण्यासाठी एक दार सोडायला लावले आणि त्यावर लाकडी फळी बसवून घेतली. शिष्य उसळलाच. "जे येतच नाहीत, त्यांच्यासाठी ही उठाठेव कशाला?"

गुरुजी म्हणाले, "जे तयार आहेत त्यांनी थांबू नये, थांबले तर त्यांचाही हुरूप जाईल. पण भिंत सलग बांधलीस, तर उद्या पाणी हवे झाल्यावर तुझ्या चुलत्यांना तिला पहार लावावी लागेल. सोबती म्हणून येणारा माणूस चोर ठरेल. फळी त्यांनी उचलायची, त्यांच्या वेळेला. तोवर पाणी नाही, पण पाच गावांच्या बैठकीत जागा आहे. आणि अट सर्वांना जी, तीच त्यांना. उशिरा आले म्हणून जास्तीची नाही."

चुलते गावातल्या पोरांची भाकरी जपत होते आणि आपण केवळ स्वतःची अब्रू, हे शिष्याला उमगले आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मग तो गवंड्याजवळ गेला. घाईत सोडलेले ते दार फारच अरुंद होते.

"दगड काढा. बाकीच्या गावांच्या दारांएवढंच रुंद करा."

"आणि नाहीच आले तर?" गवंड्याने विचारले.

"तर मी पुन्हा विचारायला जाईन."

एकत्र येणाऱ्या देशांतही कोणी पुढे, कोणी मागे असणारच. पुढच्यांनी बांधकाम थांबवू नये आणि विचारणेही सोडू नये.